पुदिन्याचे सुगंधी भाऊबंद

बाजारातल्या जुडीतले पुदिन्याचे एक पान चुरगळून हुंगा आणि मग चिमूटभर बाळंतशोपा हुंगून बघा. या दोन वासांचे एकमेकांशी काही नाते असेल असे नाकाला वाटणार नाही. पण दोन्हींमधला मुख्य सुगंधी पदार्थ एकच आहे, कार्व्होन. अणू तेच, त्यांची जोडणी तीच. मात्र उजवा आणि डावा हात जसे सारखे असूनही एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, तसे हे दोन रेणू एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा आहेत. वासातला फरक नमुन्यातल्या किरकोळ भेसळीमुळे येतो की खरोखरच रेणूच्या डाव्या-उजव्या घडणीमुळे, हा वाद बराच काळ चालला. १९७१ मध्ये अतिशय शुद्ध नमुने वापरून संशोधकांनी तो मिटवला. फरक घडणीचाच होता. याचा अर्थ, आपल्या नाकातल्या ग्राहकांनाही डावे-उजवे कळते.

पुदिन्याच्या सुगंधी प्रकारांकडे मी या वाटेने बघतो. अलीकडे शहरांतल्या रोपवाटिकांमध्ये चॉकलेट मिंट, ऑरेंज मिंट, ॲपल मिंट, पायनॅपल मिंट, जिंजर मिंट अशा पाट्या दिसू लागल्या आहेत. रोपात बाहेरून काही अर्क घातला असावा अशी काहींना शंका येते, तर काहींना हा नुसता विक्रीचा प्रकार वाटतो. नावे थोडी सैल आहेत हे खरे, पण वास खरे आहेत. ते पानात कसे तयार होतात हे कळले की रोप निवडायचे कसे, वाढवायचे कसे आणि स्वयंपाकघरात घालायचे कशात, हे तिन्ही प्रश्न बरेच सोपे होतात.

पुदिना हा तुळशीच्या कुळातला. तुळशीप्रमाणे त्याचेही खोड चौकोनी आणि पाने समोरासमोर. पान उलटे करून चांगल्या भिंगाखाली धरले तर पृष्ठभागावर चकाकणारे बारीक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. पेशींनी तयार केलेले तेल ग्रंथीवरच्या पातळ आवरणाखाली साठून राहते. पान नुसते हलले तर फारसा वास येत नाही, चोळले की आवरण फाटते आणि दरवळ सुटतो. तेल असे वरच्यावर साठलेले असल्यामुळे पान हाताने चोळून किंवा तळहातावर ठेवून एक टाळी मारून घेतले तरी पुरते. मिक्सरमध्ये फार वेळ फिरवले की पानातला हिरवा कडवटपणाही बाहेर येतो.

या ग्रंथींमध्ये घडणारी गोष्ट मला वनस्पतिशास्त्रातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते. पुदिना आणि पेपरमिंट या दोघांच्याही ग्रंथींत आधी लिमोनीन तयार होते. लिंबा-संत्र्याच्या सालीत जे लिमोनीन विपुल असते, त्याची ही आरशातली प्रतिमा. पुढे एक विकर त्याला ऑक्सिजनचा एक अणू जोडते. तो कुठे जोडला जातो, यावर सारे ठरते. लिमोनीनच्या कड्यावरच्या एका जागी जोडला गेला तर पुढे कार्व्होन बनते आणि आपल्याला चटणीच्या पुदिन्याचा ओळखीचा वास येतो. दुसऱ्या जागी जोडला गेला तर वाट वेगळी होते: पुलेगोन, मग मेंथोन आणि शेवटी मेंथॉल. हा झाला पेपरमिंटचा थंडगार वास. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत रॉडनी क्रोटो यांच्या प्रयोगशाळेने हा सारा मार्ग टप्प्याटप्प्याने उलगडला. २००० साली त्यांनी दाखवून दिले की सुमारे पाचशे अमिनो आम्लांच्या त्या विकरातले फक्त एक अमिनो आम्ल बदलले तर पुदिन्याचे विकर पेपरमिंटच्या विकरासारखे काम करू लागते. दोन वेगळ्या चवींमध्ये अंतर आहे ते एवढेच.

ऑरेंज मिंट, बर्गमॉट मिंट किंवा कोलोन मिंट ही एकाच रोपाची नावे. याच्यात गाडी लिमोनीनपर्यंत जातच नाही. आधीच्याच टप्प्यावर वाट फुटते आणि लिनॅलूल व लिनॅलिल ॲसिटेट हे दोन पदार्थ तयार होतात. लॅव्हेंडरच्या तेलात मुख्यतः हेच दोन असतात. अर्ल ग्रे चहाला ज्या बर्गमॉट फळाच्या सालीचा वास देतात, त्या सालीतही हे असतात. म्हणून या पानाचा वास नाकाला खाण्यापेक्षा अत्तराकडे झुकणारा वाटतो. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने, म्हणजे 'सीमॅप'ने, या प्रकाराची 'किरण' नावाची जात तेलासाठी विकसित केली आहे.

चॉकलेट मिंट हे मुळात पेपरमिंटच. खोड आणि पानाच्या शिरा काळपट जांभळ्या, वास पेपरमिंटचाच पण थोडा गोड आणि मऊ. त्यात चॉकलेट नसते. पेपरमिंट भरलेली चॉकलेटची वडी खाल्लेल्या माणसाला त्या वडीची आठवण होते, इतकाच त्याचा अर्थ. ॲपल मिंटची पाने गोलसर, लवदार आणि फिकी. तिचीच पांढऱ्या कडांची बहीण म्हणजे पायनॅपल मिंट. जिंजर मिंट हा चटणीचा पुदिना आणि रानपुदिना यांचा संकर, पानांवर बहुधा पिवळ्या रेघा. स्ट्रॉबेरी मिंट, बनाना मिंट, ग्रेपफ्रूट मिंट अशीही नावे भेटतील. यांतल्या काहींचा फळाशी संबंध जोडायला कल्पनाशक्ती ताणावी लागते. त्यांच्यासाठी जादा पैसे मोजावेत असे मला वाटत नाही.

मेंथॉलच्या थंडाव्याबद्दल मात्र थोडे थांबून बोलायला हवे, कारण तो वासही नाही आणि चवही नाही. आपल्या त्वचेत आणि तोंडात थंडी ओळखणारे एक प्रथिन असते, टीआरपीएम८. तापमान साधारण २५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरले की ते चेतासंस्थेला थंडीचा संदेश पाठवते. मेंथॉल त्याच प्रथिनाला जाऊन चिकटते आणि खरे तापमान न उतरताही तो संदेश जातो. २००२ मध्ये हे प्रथिन दोन वेगवेगळ्या गटांनी शोधले; त्या गटांचे प्रमुख डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना तापमान व स्पर्शाच्या ग्राहकांवरील कामासाठी २०२१ चे नोबेल मिळाले. कार्व्होनमध्ये हा गुण फारच थोडा. चटणीतला पुदिना सुवासिक लागतो पण जीभ गार पाडत नाही, आणि पेपरमिंटची गोळी जीभ गार पाडते, याचे कारण हे.

मेंथॉलची आपल्याकडे घरोघरी ओळख आहे ती पुदिन्याचे फूल म्हणून. ते, ओव्याचे फूल आणि कापूर हे तीन कोरडे स्फटिक समप्रमाणात एका बाटलीत घालून ठेवले की थोड्या वेळात आपोआप द्रव होतो. तीच अमृतधारा. पाण्याचा थेंबही लागत नाही. वेगवेगळे असताना हे तिघे घरातल्या तापमानाला घन राहतात, पण एकत्र आले की मिश्रणाचा वितळणबिंदू इतका खाली येतो की ते घन राहू शकत नाही. हे फूल येते ते बहुतेक जपानी पुदिन्याच्या तेलातून. १९५० च्या दशकात तो भारतात आला आणि आज बाराबंकी, संभल, रामपूर, बदायूं या उत्तर प्रदेशातल्या पट्ट्यात बटाटा किंवा मोहरी निघाल्यावर त्याची लागवड होते. पावसाळ्यापूर्वी कापणी करून गावातल्याच भट्टीवर तेल काढतात. नैसर्गिक मेंथॉलच्या जागतिक पुरवठ्यात भारत पहिला आहे. याच पुदिन्याची जुडी कधी भाजीबाजारात आली तर ती चटणीसाठी घेऊ नका. चटणी कडवट होते आणि औषधासारखी लागते.

आता लागवडीकडे. पहिली गोष्ट बियांची. पेपरमिंट हा पाणपुदिना आणि चटणीचा पुदिना यांचा संकर आहे आणि तो वांझ आहे. त्याला रुजणारे बी जवळजवळ येतच नाही. चॉकलेट मिंट आणि ऑरेंज मिंट याच घरातली. त्यामुळे 'चॉकलेट मिंटचे बी' म्हणून कोणी पाकीट विकत असेल तर ते घेऊ नये. ज्या पुदिन्यांना बी येते त्यांची रोपेही आईसारखीच निघतील याची खात्री नसते. सुगंध जसाच्या तसा हवा असेल तर फांदी किंवा जमिनीलगत धावणारे खोड तोडूनच लावायचे. या वांझपणाने मोठ्या शेतकऱ्यांनाही एकदा अडचणीत टाकले होते. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये मुळांतून पसरणाऱ्या मर रोगाने पेपरमिंटची शेते उद्ध्वस्त होऊ लागली, पण बीच नसल्यामुळे संकर करून रोगप्रतिकारक जात काढता येईना. शेवटी कॅलमझूच्या ए. एम. टॉड कंपनीत मेरिट मरे यांनी धावत्या खोडांवर किरणोत्साराचा मारा करून हजारो रोपांतून रोगाला तोंड देणारी रोपे निवडली. त्यातून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला 'टॉड्स मिचम' ही जात आली. मिचम हे लंडनच्या दक्षिणेचे गाव, जिथे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पेपरमिंटची नामांकित शेती होती.

दुसरी गोष्ट एका गैरसमजाची. वेगवेगळे पुदिने शेजारी लावले तर एकमेकांचा वास लागून बिघडतात, असे बागप्रेमी मंडळी खात्रीने सांगतात. परागीभवनाने आईच्या पानांचा वास बदलत नाही, फरक पडला तर पुढच्या बियांत पडेल. खरा घोटाळा मातीखाली होतो. दोन जातींची धावती खोडे एकमेकांत घुसतात, जोमदार जात नाजूक जातीला दाबून टाकते आणि वर्षभराने ऑरेंज मिंटच्या कुंडीत निम्मा साधा पुदिना निघतो. म्हणून एका कुंडीत एकच जात, आणि कुंडीवर नावाची पट्टी. हा नियम मोडू नका.

कुंडी खोल असण्यापेक्षा पसरट हवी. तीस सेंटिमीटर रुंद आणि वीस सेंटिमीटर खोल पुरे, कारण पुदिना आडवा पसरतो. मातीत चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक तृतीयांश आणि पाणी अडू नये इतपत जाड वाळू. खताचा, विशेषतः युरियाचा, मारा केला की पाने मोठी आणि लुसलुशीत दिसतात, पण वासाला फिकी पडतात. सावलीतल्या खिडकीतही तेच होते. रोप जगते, पण तेल धरत नाही. सकाळचे चार-पाच तास ऊन आणि दुपारनंतर आडोसा, ही महाराष्ट्राच्या बहुतेक गावांत चालणारी मांडणी. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये हिरव्या जाळीखाली ठेवा. पाणी रोज, पण कुंडीखालच्या ताटलीत साचलेले नको.

लावायला सर्वांत चांगला काळ दिवाळीनंतरचा. चांगल्या रोपाचे आठ-दहा सेंटिमीटरचे शेंडे पेराच्या खाली कापा, खालची पाने काढा आणि पाण्याच्या पेल्यात ठेवा. आठवडा-दहा दिवसांत पेराशी पांढरी मुळे दिसतात. चटणीच्या जुडीतल्या ताज्या काड्याही अशाच रुजतात. पावसाळ्यातही फांद्या पटकन रुजतात, पण सततच्या ओलीने मुळे कुजण्याचा धोका तेवढाच. लवदार पानांच्या ॲपल मिंटला पावसाची झड मुळीच सोसत नाही. पानांवर पाणी अडकून ती काळी पडतात. तिला कोकणात पाऊस असेपर्यंत छपराखालीच ठेवावे. पायनॅपल मिंटला मध्येच पूर्ण हिरव्या फांद्या फुटतात. त्या जास्त जोमदार असतात आणि काही महिन्यांत पांढऱ्या कडांची पाने नाहीशी करतात. हिरवी फांदी दिसताक्षणी मुळाशी कापायची.

पेपरमिंटचे दुखणे वेगळे आहे. हे रोप मुळात लांब उन्हाळी दिवसांच्या आणि गार रात्रींच्या प्रदेशातले. दिवस लहान आणि रात्री उबदार असल्या की त्याच्या तेलात पुलेगोन आणि मेंथोफ्युरान यांचा वाटा वाढतो आणि वासाला एक खरखरीत, उग्र कड येते. मुंबईच्या गॅलरीतले पेपरमिंट परदेशी गोळीसारखे गुळगुळीत का लागत नाही, यामागे वाढवणाऱ्याचा दोष नसून हवामान आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या हवेत ते जास्त खुलते. सपाटीवर राहणाऱ्यांना मी एक उपाय सांगेन: कोवळ्या शेंड्याऐवजी मधली, पूर्ण उमललेली पाने वापरा. पान दोन-तीन आठवड्यांचे होईपर्यंत तेल साठत राहते आणि पुढे मेंथोनचे हळूहळू मेंथॉल होते. जून पान जास्त थंड लागते. चटणीच्या पुदिन्यात आपण कोवळे शेंडे निवडतो, इथे उलटे करायचे.

फुलोऱ्याचे तुरे दिसू लागले की कापणीची वेळ झाली. जमिनीपासून चार बोटे ठेवून सगळे कापा. नवी फूट जोमाने येते. पानाच्या खाली नारिंगी पुटकुळ्या दिसल्या तर तो तांबेरा. सगळा पाला कापून घराबाहेर टाका, खताच्या खड्ड्यात नको. उन्हाळ्यात पाने निस्तेज होऊन बारीक जाळी दिसली तर कोळी आहे, त्यावर पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा रोज मारणे हाच पहिला इलाज. आणि वर्षातून एकदा कुंडी रिकामी करायचीच. धावती खोडे कडेने गोल फिरत राहतात आणि मधला भाग भुंडा होतो. कडेचे ताजे तुकडे घेऊन नव्या मातीत लावले की रोप पुन्हा नवे.

वापराचे सूत्र एकच: तेल पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थात जास्त चांगले उतरते आणि उकळीबरोबर उडून जाते. चॉकलेट मिंटची मूठभर पाने गरम, पण गॅसवरून उतरवलेल्या सायीच्या दुधात झाकून अर्धा तास ठेवा आणि गाळून घ्या. त्या दुधाचे आइसक्रीम किंवा कोकोचे दूध उत्तम होते. ऑरेंज मिंटची दोन पाने कोऱ्या चहात घातली तर अर्ल ग्रेच्या जवळचा वास मिळतो. दुधाच्या चहात मात्र ती अत्तरासारखी लागतात, नकोशी. दुधाच्या चहासाठी चटणीचाच पुदिना खरा. पारशी घरांत पुदिना आणि गवती चहा एकत्र घालून जो चहा करतात, त्याहून चांगली जोडी मला माहीत नाही. मोरोक्कोतला पुदिन्याचा चहाही कार्व्होनवाल्या पुदिन्याचाच. गोळी केलेला चिनी हिरवा चहा, भरपूर साखर आणि जुडीच्या जुडी पुदिना. लिंबाच्या सरबतात आणि कैरीच्या पन्ह्यात जिंजर मिंट छान बसतो, कलिंगडाच्या फोडींवरही. ॲपल मिंट कच्ची खाऊ नये असे माझे मत, तिची लव जिभेला लागते. ती पाण्याच्या तांब्यात रात्रभर टाकून ठेवावी आणि सकाळी गाळून प्यावी. मठ्ठ्यात, पाणीपुरीच्या पाण्यात आणि चटणीत यातले काहीही घालू नका. तिथे जिरे, मिरची, कोथिंबीर यांच्यापुढे उभा राहायला साधा पुदिनाच लागतो.

वाळवायचे असेल तर सावलीत, हवेशीर जागी. चटणीचा पुदिना आणि पेपरमिंट वाळल्यावरही वास राखतात. ऑरेंज मिंट आणि फळांच्या नावाचे प्रकार निम्मे हरवतात, ते ताजेच वापरावेत किंवा पाण्यासोबत बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावेत.

तीन इशारे द्यायलाच हवेत. पेनीरॉयल नावाचा एक पुदिना हौशी लोक परदेशातून मागवतात. त्याच्या तेलात पुलेगोन भरपूर असते, ते यकृताला घातक आहे आणि गर्भवतींसाठी धोक्याचे. चहासाठी तो लावू नये. पेपरमिंटचा काढा अन्ननलिकेच्या खालच्या झडपेला सैल करतो, त्यामुळे आंबट ढेकरांचा त्रास असणाऱ्यांचा त्रास वाढू शकतो. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ मेंथॉल किंवा अमृतधारा कधीही लावू नये, श्वास अडकण्याची भीती असते.

रोपवाटिकेत पाटीवर विश्वास न ठेवता पान चोळून बघा. पान जाड, गुबगुबीत आणि मखमली असेल तर तो बहुधा पानओव्याच्या जातीतला 'व्हिक्स प्लांट' असतो, पुदिना नव्हे. पहिल्यांदा लावणाऱ्याने तीनच कुंड्या कराव्यात: चटणीचा पुदिना, ऑरेंज मिंट आणि चॉकलेट मिंट. एक कार्व्होनचा, एक लिनॅलूलचा, एक मेंथॉलचा. या तिघांत पुदिन्याच्या घराण्यातले मुख्य वास येऊन जातात. बाकीचे प्रकार नंतर, आणि तेही कोणाच्या बागेत पान चुरगळून आवडले तरच.